राळ्याचा डोंगर

तीन रविवार गेले.
तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
अंथरलेल्या घोंगड्यांमधून फिरते आहे मी:
पदकं, समोवार, विषारी वायूचे मुखवटे,
कुणाच्या तरी आहेरातले पाच काटे, एक चमचा.
मला हवी आहे एक फळी,
जिच्यावर दैव पडताना दिसेल.

कारण आठवीतला बेका म्हणाला होता,
"बाई, शंभरदा नाणं उडवून काय सिद्ध केलंत?
हात दुखला तुमचा, एवढंच."
वर्ग हसला. मीही हसले.
पण घोडं अडलं ते तिथेच.

झौरीकडे होती ती.
नार्डीच्या पटाखाली दबलेली,
पाठीवर बंद पडलेल्या शाळेचा रशियन शिक्का,
खिळ्यांच्या दहा ओळी, तळाशी अकरा कप्पे,
वर नरसाळं, पुढे काच,
काच डाव्या कोपऱ्यात फुटलेली.
"दारू गाळायचं काहीतरी असणार," झौरी म्हणाला,
"पन्नास लारी."
"यातल्या गोळ्या?"
"त्या काय, कुणाच्या गोफणीत गेल्या असतील."

शेजारची त्सियाला धान्य विकते.
तिच्याकडून मूठभर राळे घेतले,
नरसाळ्यात ओतले.

सरसर.
प्रत्येक खिळ्यापाशी दाणा थबकतो,
विचारतो, डावीकडे की उजवीकडे?
विचारत नाही खरं तर.
आपणच विचारतो त्याच्या वतीने.

आणि मग कुणीही न सांगता
मधोमध चढला डोंगर,
दोन्ही बाजूंनी उतरत गेलेला,
जसा मी आजवर फक्त खडूने काढत आले.
पदकं विकणारा उठून आला.
त्सियालाने छातीवर क्रूस काढला.

डाव्या टोकाच्या कप्प्यात एकच दाणा.
"असा हजारात एक जातो," मी म्हटलं.
झौरी वाकला. काचेवर बोट ठेवलं.
"ही इझोल्दा. माझी बहीण.
अमेरिकेच्या व्हिसाची लॉटरी, पहिल्याच अर्जात.
मी चौदा वर्षं भरतोय."
मग बोट सरकवत मधल्या कप्प्यात आणलं,
"आणि हा मी, इथे कुठेतरी. तळाशी.
बघा, केवढी माणसं बसलीयत माझ्यावर."

तेवढ्यात फुटक्या कोपऱ्यातून
चिमणीने चोच घातली
आणि इझोल्दाला टिपून नेलं.

सगळे हसले.
झौरी नाही हसला.
त्सियालाच्या पोत्यातून एक दाणा चिमटीत धरून
त्याने तो हळूच
त्याच कप्प्यात ठेवला.

सत्तावीस वर्षं गणित शिकवते मी.
चुकीचं उत्तर दिसलं की हात आपोआप
लाल पेनाकडे जातो.
चाळीस लारी दिले, आणि
फळी कोटात गुंडाळून
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले,
आडवी, ते दाणे हलू नयेत म्हणून.
हलले अर्थात. वळणावळणाला.

सोमवारी वर्गात पुन्हा ओतले.
पुन्हा डोंगर. जरा उजवीकडे झुकलेला,
कारण टेबलाचा एक पाय आखूड.
"पाहा," मी म्हणाले, "एकेकट्या दाण्याचं सांगता येत नाही,
पण सगळ्यांचं मिळून..."

कुणी ऐकत नव्हतं.
सहाव्या ओळीतल्या एका खिळ्यावर
एक दाणा बसून राहिला होता,
धड इकडे ना तिकडे.
एकतीस मुलं श्वास रोखून
त्याच्याकडे बघत होती.

बेकाने हात वर केला, काच ठोकायला म्हणून,
आणि तसाच वर ठेवला.