एक घंटी

इतवारीत ताहेरभाईच्या दुकानाला पाटी नाही,
वास आहे.
त्या वासाच्या मागं मागं मी तिथं पोचले.

"गोखरू द्या, पाव."
"लहान की मोठं?"
काट्यांनाही मापं असतात, हे मला ठाऊक नव्हतं.
"कोणासाठी?"
"घरच्यांसाठी," मी म्हटलं.
छप्पन वर्षांच्या बाईनं
आपल्या लघवीबद्दल परक्या माणसाशी
काय आणि किती बोलायचं?

तो पुड्या बांधत गेला.
वायवरणाची साल.
घेटुळीचं मूळ, जी आमच्या नालीच्या काठी फुकट उगवते
आणि इथं तोळ्यानं मिळते.
पाषाणभेद, नावातच छिन्नी घेऊन आलेला.
मग वरच्या फळीवरची बरणी काढली.
आत राखी दगड, लांबट बोरांएवढे, अंगावर रेघा.
"बेरपत्थर. कधीकाळी समुद्रातला जीव होता हा, काटेरी.
मेला, दगड झाला. याचं भस्म देतात.
पण आधी डॉक्टरले दाखवा, मगच."

समुद्र. नागपुरात.
मी तो दगड तळहातावर धरून उभी राहिले.
किती वर्षं काही न सोडता राहिलं
म्हणजे माणसाचा असा दगड होतो?

सारा देश म्हणे झिरो माइलच्या खांबापासून मोजला.
बावीस वर्षं मी मोजत आले मुतारीपासून.
गणेशपेठ: दार आहे, कडी नाही.
उमरेड: कडी आहे, कुलूपही आहे,
चावी चहावाल्याकडे, चहावाला जेवायला गेलेला.
भिवापूर: मिरच्यांचे लाल ढीग, मागं आडोसा,
पण सगळे ओळखीचे.
नागभीडपर्यंत मग दात आवळून तिकिटं फाडायची.
लांजेवार ड्रायव्हर गाडी थांबवून पळसाआड जायचा,
शीळ घालत परत यायचा.
मी सुट्टे पैसे मोजायची,
मोजलेलेच पुन्हा.
मे महिन्यात डांबर टायरला चिकटायचं
आणि मी ओठ ओले करून
बाटलीचं झाकण घट्ट लावायची.
कोणीही म्हटलं की दोरी ओढायची मी.
एक घंटी, थांब. दोन, चाल.
म्हातारीसाठी, बकरीवाल्यासाठी,
उलटी होणाऱ्या पोरासाठी.
स्वतःसाठी कधी ओढली,
आठवत नाही.

मेडिकलची डॉक्टर, माझ्या पोरीच्या वयाची,
रिपोर्ट बघून म्हणाली,
"काकू, पिशवी आहे ती. तुम्ही शिकवलं तेच करते."
पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाचही दिवस घेतल्या.
काढ्याचं विचारलं तर हसली नाही,
म्हणाली, "मूत्रपिंड ठीक आहेत तुमची, घ्या.
दगडाचं भस्म मात्र नको.
आणि गोळ्यांच्या जागी नको."

संध्याकाळी गंजात पाणी चढवते.
गोखरू बुडतात, पुन्हा वर येतात, हट्टी.
चौथा हिस्सा उरेपर्यंत उकळायचं.
पोरगा नाक धरून विचारतो,
"आई, काय शिजवून राहिली?"
चव? भिजलेल्या पायपोसाची.
यानं काही होतं की नाही,
मला खरंच माहीत नाही.
फक्त पुडीवर ताहेरभाईच्या हातचं
तिरपं लिहिलेलं असतं: वरून दोन पेले पाणी.
बावीस वर्षांत मला
पाणी पी म्हणून लिहून दिलेला
हा पहिलाच कागद.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा
तो विचारायच्या आतच म्हटलं,
"माझ्यासाठीच होतं ते."
मान वर न करता तो तराजू सारखा करत राहिला.
"मालूम होतं बाई.
घरच्यांसाठी नेणारी भाव करते.
तुम्ही केला नाही."

आता पहाटे तीनच्या सुमारास
पोटाखाली कुणीतरी
एकदाच दोरी ओढतं.
मी उठते. दिवा लावते.
कोणी खोळंबलेलं नसतं.
निवांत बसते, पुरतं होईपर्यंत.
दुसरी घंटी मीच देते,
मला वाटेल तेव्हा.