कॅसेट सात, बाजू दुसरी

डाखोळे सर गेले, तेव्हा त्यांच्या मुलीनं
बुटांच्या खोक्यातून आणून दिल्या
एकोणीस कॅसेटी.
बर्डीच्या ह्या गल्लीत टेप दुरुस्त करणारा
मी एकटाच उरलोय. तोही अर्धा मोबाइलवाला.

नागपूरचा मे. पारा सत्तेचाळीस.
फीत चिकटलेली. पेन्सिल घालून फिरवतो, थांबतो,
कापसाचा बोळा, स्पिरिट, पुन्हा.
बुरशीचा एक ठिपका निघाला
की एक शब्द परत येतो.

इर्माबाई. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या.
मराठी शिकल्या वॉर्डातल्या आयांकडून,
म्हणून त्यांच्या ब्रनो शहरातसुद्धा
सगळे नागपुरीच बोलतात:
"आई डबा भरून राहिली होती.
बाबा म्हणे, काहून इतकं? परत तं यायचंच हाय न."

मी हसलो.
मग पुढचं वाक्य आलं, त्यातही डबा होता,
पण तो मालगाडीचा.
माणसं किती, ते त्यांनी मराठीत नाही मोजलं.
आकडे शेवटपर्यंत त्यांच्या पहिल्या भाषेतच राहिले.

मुलीनं बजावलं होतं:
कूलरची घरघर तेवढी काढा काका,
बाहेरच्या देशात पाठवायचंय, आवाज स्वच्छ हवा.
काढली. एक बटण तर दाबायचं असतं.
घरघर गेली, तिच्यासोबत
खाली ओरडणारा कुल्फीवाला गेला,
आणि चौदाव्या मिनिटाची
अजनी यार्डातली इंजिनाची शिट्टी.

आता इर्माबाई मधेच गप्प होतात.
चाळीस सेकंद. काहीच कारण नाही.
ऐकणारा म्हणेल, म्हातारी विसरली.

सगळं परत घातलं मी.
घरघर, कुल्फीवाला, शिट्टी,
शिट्टीमागून सांध्यांवरचा खडखडाट,
डबे मोजता येतील इतका सावकाश.
तो संपेस्तोवर त्या बोलत नाहीत.
सरही विचारत नाहीत काही.
पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज, बस.

लेबलावर लिहिलं: ही बाजू साफ करू नये.
मुलीला फोन करून कारण सांगायला गेलो,
धड सांगता आलं नाही.

शेवटी तीन शब्द आहेत, अजून लागत नाहीत.
दुकानातला माझा कूलर बंद केलाय
त्यांचा नीट ऐकू यावा म्हणून.
मानेवरून घाम उतरतोय.
मागे घेतो. पुन्हा लावतो.