तिसरी चौकट

कोल्हापूर, उद्यमनगर.
फौंड्रीच्या माडीवर आमचं ऑफिस.
सुकुमार मगदूम जुन्या बिलांच्या पाठीवर
तीन चौकटी आखतो. रोज.

पहिलीत सर्व्हर पडलाय.
दुसरीत नेजदार साहेब,
"बंद करून चालू केलंस काय रं?"
तिसरीत शेपूट तुटलेला माऊस,
"मालक, वायरलेस झालोय,
आता धरून दाखवा."

मंगळवारी तो कागद
बिलांतनं साहेबांकडंच गेला.
खाली भट्टी ओतत होती, जिना तापलेला.
साहेब चष्मा कपाळावर चढवून
बघत बसले, बघतच बसले.
"नाक लई मोठं काढलंस लेका,"
म्हणाले, आणि पेन मागून घेऊन
माऊसच्या मागं
स्वतः एक मांजर काढलं.

गंगावेशीतल्या म्हशीसारखं दिसत होतं.
कुणी बोललं नाही.

सर्व्हर अजून बंदच आहे.