दुसरं कडवं

फ्रेझरबर्गच्या धक्क्यावर मी आता मासे मोजतो.
खोक्यात मासे, वर बर्फाचा चुरा, मग झाकण.
एके काळी ड्रम वाजवायचो.
चौघांत मागे बसणारा,
घाम पुसायला ज्याचा हात मोकळा नसतो,
तो मी.

आमची दोन गाणी रेडिओपर्यंत पोचली.

पहिलं पिवळ्या गोळीचं. आठवड्यात बंद.
साहेब म्हणाले, आम्हाला काय कळत नाही होय?
काय सांगणार त्यांना,
की इनिसच्या बापाला, तीस वर्षं ट्रॉलरवर काढून,
दर सोमवारी उलट्या व्हायच्या;
एल्स्पेथ कागदाच्या पुडीत गोळी बांधून द्यायची,
पुडीवर पेन्सिलीने तारीख.
गाणं तेवढंच होतं.
ती गोळी खरोखर
बोट लागू नये म्हणूनच होती.

दुसरं बर्फाचं.
त्याला कुणी हात लावला नाही.
बर्फ पडतोय, दार लावून घे,
आणि दुसऱ्या कडव्यात:
चमचाभर ऊब दे, मी घरी आलो.
मागे बारीक घंटा होत्या, नाताळासारख्या.
त्या मीच वाजवल्या.
इनिस काचेपलीकडे हसत होता:
बर्फ म्हटलं की सगळे सोवळे.

मला माहीत होतं.
म्हणजे, त्याला सूर लागला की डोळा लागायचा,
डोळा लागला की चार-चार दिवस पत्ता लागायचा नाही,
आणि बिलं लागायची ती आमच्या खिशाला.
एवढं माहीत असून मी ताल धरून होतो.
ताल धरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

सव्वीसाव्या वर्षी बंदरावरच्या मुतारीत तो सापडला.
दार आतून लावलेलं.

गाणं मात्र वाचलं.
दुकानात ते टर्कीच्या रांगेत वाजतं.
गरम मोज्यांच्या जाहिरातीत.
एका लग्नात त्यावर नवरानवरी नाचली,
नवरीची आजी रडली,
मी केक खाल्ला.

यंदा शाळेत. मिस रोवेना म्हणाल्या,
गावचंच गाणं, गावचाच ड्रमवाला, याल ना?
तीस पोरं, कानटोप्यांवर कापूस चिकटवलेला.
पहिल्या रांगेत एल्स्पेथ, मांडीवर पर्स.
तालमीत दात पडलेल्या एकाने विचारलं होतं,
बर्फ चमच्यात कशाला? बादलीत का नाही?
मी म्हणालो, तू गा.
दुसरं कडवं त्यांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.
घंटा माझ्याकडेच होत्या.
एक ठोका चुकला. कुणाला कळलं नाही.

नंतर बाहेर, गाड्यांपाशी,
तिने थर्मास उघडला.
गोड गायली पोरं, म्हणाली.
बर्फाचंच आहे ना रे ते, फर्गस?
हो, मी म्हणालो. त्या हिवाळ्यात किती पडला होता.
नाही, ती म्हणाली.
त्या हिवाळ्यात इथे पडलाच नाही.
नुसता वारा होता. कपडे दोरीवरच वाळायचे.

वाफ तिच्या चष्म्यावर चढली, उतरली.

लग्नातले बारा होते माझ्याकडे, ती म्हणाली.
पाच उरले.
एक त्याच्या गादीखाली मिळाला, बुडाशी काळा.
राखेने घासला, व्हिनेगरने घासला.
मग ठेवला तसाच, इतरांबरोबर.
पाहुण्यांना कधी चुकून जातो.

शाळेतून पोरं बाहेर पडत होती,
कापूस एकमेकांच्या मानेत कोंबत,
तेच गुणगुणत, अर्धे शब्द गाळून.
ती त्यांच्याकडे बघत राहिली.
त्यांना नको सांगू, म्हणाली.
मग जरा थांबून,
रेडिओवाल्यांना मात्र सांग
त्या गोळीचं. सांग की ती खरी होती.

साखर किती, तिने विचारलं.

मी बोटं दाखवली.
दोन.