चौदा नंबरची किल्ली

किल्ली आधी डावीकडे,
मग दार किंचित उचलून उजवीकडे.
नाहीतर पेद्रूला हाक मारावी लागेल,
आणि पेद्रू दुपारी दोन ते चार मेलेला असतो,
असं तो स्वतःच सांगतो.

पाणी साडेपाचला येतं, सातला जातं.
दोन बादल्या भर. एक तुझी,
एक त्या मुलीची जी उठणार नाही.
प्रत्येक तुकडीत अशी एक असते.
आमच्यात ती मी होते;
करुणा शेलार वीस दिवस माझी बादली भरत राहिली,
एकदाही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मोबाइल बिस्किटाच्या डब्यात जमा होतात,
रविवारी तासभर मिळतात.
घरी आधीच सांगून ये.
मी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी आईनं
हरेगावच्या फादरना झोपेतून उठवलं.

जेवणघरात रोझालिन विचारेल, नुस्तें खाता मगे?
हो म्हण.
आठ दिवस ते नारळाचं हुमण परकं लागेल,
नवव्या दिवशी ताट पुसून खाशील.
शेंगदाण्याची चटणी आणली असलीस तर लपवू नकोस,
आधी मुंग्या शोधतात, मग सिस्टर ओदेत.
(सिस्टर ओदेतला दोन चमचे द्यायचे. पुढचं तिच्यावर सोड.)

रात्री पत्र्यावर काहीतरी आदळेल.
तो फणस.
पहिल्या रात्री आम्ही बाराजणी
व्हरांड्यात कवळीच्या दातांसारख्या वाजत उभ्या,
कुणीतरी स्तोत्रही सुरू केलं होतं.
सकाळी न्याहारीला तेच गरे.

वर्गात ‘सेवा म्हणजे काय’ याचे पाच मुद्दे फळ्यावर येतील.
उतरवून घे, परीक्षेला तेच असतात.
वही मात्र भिंतीला टेकवू नकोस, वाळवी आहे.
माझा तिसरा मुद्दा तिनं खाल्ला.

गुरुवारी आगशीच्या वृद्धाश्रमात.
बसला सुटे पैसे ठेव.
पांढरा ड्रेस घालू नकोस;
बाकावर कुणीतरी काजूची बोंडं ठेवून गेलेलं असतं
आणि तो डाग जात नाही,
लिंबानं नाही, उन्हानं नाही.

तिथं खिडकीजवळच्या खाटेवर इस्मेनियामावशी.
मी तेविसावं स्तोत्र पाठ करून गेले होते,
कोकणीतून, घाम येईपर्यंत घोकून.
तिनं हात पुढे केला. मी तो धरला.
तिनं सोडवून घेतला, पुन्हा पुढे केला
आणि काहीतरी म्हणाली.
शब्द कळला नाही. मग नखं दिसली:
पिवळी, वळलेली, तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखी.
माझ्या पिशवीत बायबल, पाण्याची बाटली,
डोकेदुखीची गोळी.
नेलकटर नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी करुणाचं घेऊन गेले.
आधी कोमट पाण्यात हात भिजवावे लागतात,
हे पाच मुद्द्यांत नव्हतं,
शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं.
नऊ बोटं झाली. पाऊण तास लागला.
उजवा अंगठा तिनं मुठीत धरून ठेवला.
फाल्यां, म्हणाली.
उद्या.
मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी.
तिनं मान हलवली, म्हणजे कळलं की नाही
ते मला माहीत नाही.

आज गुरुवार.
आमची गाडी मडगावहून अकराला.
काल रात्री सिस्टरना विचारलं, पहाटे जाऊन येऊ का?
त्या म्हणाल्या, बस सातशिवाय नाही,
आणि पुलावरची गर्दी तुला ठाऊक आहे.
ठाऊक होती.

तुमची तुकडी सोमवारी येते.
नेलकटर टेबलाच्या खणात आहे, काड्यापेटीत,
करुणानं ते परत घेतलं नाही.
उजवा अंगठा.
देत नसेल तर ओढू नकोस.

चादर मागच्या दोरीवर वाळत घाल, पुढे कावळे बसतात.
निळे चिमटे माझे होते. राहू देत.