कार्ड शून्य, ट्यूनर शून्य

डंडी. जानेवारी. साडेतीनलाच अंधार.
वरच्या मजल्यावरचा गेडिस दारात,
हातात जुन्या मोज्यात गुंडाळलेलं टीव्ही कार्ड,
बगलेत व्हिडिओ कॅसेट.
"तू कॉम्प्युटरवाली ना?"
मी इस्पितळात क्ष-किरण यंत्रं दुरुस्त करते.
हो म्हणाले.

झाकण उघडलं. तीन खाचा.
एकीत साउंड कार्ड, दुसरीत नुसती धूळ.
तिसरीत हे बसवलं, स्क्रू पिळला, बटण दाबलं.
यादीत माउस होता, कीबोर्ड होता,
दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेला प्रिंटरसुद्धा होता.
हे नव्हतं.

वीज काढली, कार्ड उपसलं.
त्याचे सोनेरी दात काळवंडलेले.
माझ्या पर्समध्ये खोडरबर असतो,
मिरजेच्या शाळेपासून, गणितं चुकायची म्हणून.
दात घासले दोन्ही बाजूंनी,
फुंकर मारायचा मोह आवरला. फुंकरीत थुंकी असते.
मग साउंड कार्डाचा शेजार सोडवला:
दोघं एकाच इंटरप्टवर अडून बसलेली,
एका नळावर दोन कळशा.

आता यंत्राने कबूल केलं, कोणीतरी आलंय.
कोण, ते कळेना.
अज्ञात. कार्ड शून्य, ट्यूनर शून्य.

चांगल्या कार्डात एक चिमुकली चिप असते, मी सांगितलं,
तिच्यावर नाव-गाव लिहिलेलं.
याच्या कारखान्याने ती घातलीच नाही, चार पेन्या वाचवायला.
तेव्हा हे कोण, ते आपणच याला सांगायचं.
दीडशेच्या वर नावं आहेत. एकेक लावून बघू.
"बारसंच की," मी मराठीत म्हणाले,
आणि गेडिसने मान डोलावली.

एक: निळा पडदा.
सात: सगळं गोठलं, पुन्हा पहिल्यापासून.
चोवीसला हिरव्या रेघा. चहा.
तेवढ्यात तो वर जाऊन व्हीसीआर घेऊन आला,
जिन्यात दोनदा थांबून.
तीस वर्षं टेकडीवरच्या मनोऱ्यावर चढत होता म्हणे,
बर्फ खरवडायला, नटबोल्ट आवळायला.
"अँटेना लावू का?"
तू सोडलेलं सगळं बंद झालंय, म्हणाले,
हवेत आता याला पकडण्यासारखं काही नाही.
"ठाऊक आहे. बंद केलं तेव्हा मी तिथेच होतो."

सदतीसला चित्र आलं,
जिन्यावरून घरंगळणाऱ्या बादलीसारखं.
प्रसारणाची पद्धत विचारली. पाल, मी टाइप केलं,
आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं.
या गावात पाली नाहीत. शंका आली तरी
चुकचुकायला कोणी नाही.

चित्र थांबलं.
स्नूकर.
वायर भलत्या भोकात, म्हणून रंग नाहीत,
सगळे चेंडू करडे.
गेडिस वाकून बघत राहिला. "हा गुलाबी. आता निळा घेणार."
घेतला. निळा असावा.
मग म्हणाला, "यावर एल्स्पेथ होती.
आर्ब्रोथचा किनारा, सत्त्याऐंशी.
वरून हे मीच भरलं असणार."

टेबलावरचा खोडरबर मी खिशात टाकला.

सामना संपेपर्यंत बसलो. मला नियम कळत नाहीत.
टाळ्या वाजवणारे हात, मुंग्या, एक झटका,
आणि पट्टीच्या शेवटाला उरलेले अकरा सेकंद:
समुद्र, कोणाचं तरी कोपर,
डोक्याला रुमाल बांधलेली बाई,
कॅमेऱ्याकडे रोखलेलं बोट, हलणारे ओठ.
आवाज नाही.

"काय म्हणतेय?"
कार्डापासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर लागते,
चार टोकांची. इस्पितळातल्या खणात आहे.
उद्या आणते.
"उद्या," तो म्हणाला,
पण कॅसेट उचलली नाही, मोजा तेवढा नेला.

बंद करण्याआधी फाईलमध्ये लिहून ठेवलं:
कार्ड सदतीस.
नाहीतर सकाळी पुन्हा शून्य.