कारणाचा रकाना

फॉर्म परत आला आहे,
एक रकाना कोरा राहिला म्हणून.
फॉर्म गुजरातीत. डोक्यावरची रेघ नसलेली अक्षरं.
मला येतात वाचता, जन्मच दांडिया बाजारातला,
तरी आज ती उघड्यावर बसल्यासारखी दिसतात,
पत्रे उडालेल्या घरातल्या माणसांसारखी.

नाव : कुंदन मधुकर शिर्के.
वय : एकावन्न.
कौशल्य : कॉइल वाइंडिंग.
काम सुटण्याचे कारण :
पुढे चौकोन. राजीनामा. निवृत्ती. गैरवर्तन. आजारपण.
स्थलांतर, असल्यास कुठे.

मी कुठेच गेले नाही, भाई.
मकरपुऱ्याच्या त्याच फाटकावरून रोज जाते,
फाटकाला आता दोन कुलपं, कुत्रं तेच.
गेलं ते काम.
लाकडी खोक्यात, भुश्शात बसून गेलं
माझं अकरा नंबरचं मशीन.
काउंटरच्या काचेला तडा होता
तिथे मी माझी टिकली चिकटवली होती.
तीही गेली.

बेन, राजीनाम्यावर खूण करा ने, चालशे,
कारकून म्हणतो.
पंख्याखाली त्याचे कागद पेपरवेटला धरून आहेत.

आपण साहाय्य लिहितो तेव्हा केवढं भरलेलं दिसतं.
इकडे नुसतं सहाय.
एक काना कमी, एक य कमी,
आणि हातात पडताना आणखी थोडं कमी.
भत्त्याला हजेरी लागते, हजेरीला वर्ग.
तरसालीच्या आयटीआयत
पेंटशॉपचा याकूबभाई शिवण शिकतो,
पंधरा बायकांत एकटा, आणि टीप त्याचीच सरळ.
मी घरगुती उपकरणं. मास्तर हार्दिक, वय तेवीस.

काल टेबलावर एक बंद स्टॅबिलायझर आला.
झाकण काढलं, रिले उघडला,
तर पिनेपाशी
माझी गाठ.

दोन वेढे मागे, एक खालून, टोक आत दाबून.
कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती ती.
सहा मुली आल्या होत्या शिकायला. साहेब म्हणाले,
पाहुण्या आहेत, सगळं दाखवा.
सगळं दाखवलं.
केसाहून बारीक तार डोळ्यांना नाही कळत, अंगठ्याला कळते,
हेसुद्धा.
थुय नावाची एक, तार ओढताना जिभेचं टोक बाहेर.
मला को म्हणायच्या. दुभाष्याला विचारलं,
म्हणाला, आत्या.
जाताना प्रत्येकीला पाव किलो लिला चिवडा दिला मी,
माझ्या पैशाने.

भिंग धरलं.
मागे वेढे दोन नाहीत, एकच आहे.
टोक दाबलेलं नाही, नुसतं सोडलंय.
थुय विसरणारी नव्हे.
म्हणजे तिकडेही टार्गेट वाढवलं.
दिवसाला किती गं पोरी? पाचशे? सातशे?
लघवीला सोडतात ना?

आंटी, एवढं काय बघता, हार्दिक म्हणाला,
आख्खा रिले बदलायचा. कॉइल कोण भरत बसतं?
बरोबर आहे. परीक्षेत तेच लिहायचं.
नवा रिले लावला. दिवा लागला. हजेरी लागली.

जुनी कॉइल रुमालात बांधून घरी आणली.
रात्री भांडी झाल्यावर
शेवटचा वेढा सोडवला,
मग दोन मागे, एक खालून.
टोक आत जाईना.
अंगठ्यावर साबणाच्या भेगा पडल्यात.
तिसऱ्यांदा गेलं.

मग फॉर्म ओढला.
स्थलांतरावर खूण केली.
परत येईल, माहीत आहे.
असल्यास कुठे,
तिथे लिहिलं, हायफाँग,
नीट, गुजरातीत,
डोक्यावर रेघ न काढता.